चौऱ्याऐंशीव्या दिवसाची सुई

पहाटे ५:३०

दवाखाना आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे आणि किल्ली माझ्याकडे असते. पाणी भरून झालं की मी खाली उतरते आणि आधी फ्रिज उघडते. आतला थर्मामीटर २ ते ८ अंशांच्या मध्ये असला की पुढच्या कामाला लागायचं. मे महिन्यात विरारच्या मनवेलपाड्यात रात्री वीज गेली तर हे बघण्याला फार महत्त्व येतं. प्रोस्टेटच्या कर्करोगावरची हार्मोन इंजेक्शनं सगळी एका जातीची नाहीत. गोसेरेलिनची कांडी २५ अंशांखाली चालते. ल्युप्रोलाइड मात्र कंपनीनुसार बदलतं, काहींची कुपी फ्रिजमध्येच हवी, काहींची बाहेर चालते. म्हणून प्रत्येक वेळी खोक्यावरचं वाचायचं, आठवणीवर विसंबायचं नाही. फ्रिजच्या दारात ठेवायचं नाही आणि फ्रीझरला तर टेकूही द्यायचं नाही. एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर दिसायला तसंच दिसतं, पण त्याचा भरवसा उरत नाही.

पुष्कळ घरांतून हे औषध परळहून येतं. मुलगा किंवा सून कामावरून सुटून ते घेते आणि दादरला विरार फास्टमध्ये शिरते. मी त्यांना सांगून ठेवलंय, बर्फाची पिशवी आणि खोकं यांच्यामध्ये टॉवेलची घडी ठेवा आणि पिशवी रॅकवर टाकू नका. संध्याकाळच्या त्या गर्दीत दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून विरारपर्यंत उभी राहणारी माणसं मी ओळखते. बापाच्या आजाराविषयी ती कधी फारसं बोलत नाहीत.

सकाळी ६:३०

वही उघडून फोन करायला बसते. आज कोणाचं, उद्या कोणाचं, परवा कोणाचं.

‘तीन महिन्यांचं इंजेक्शन’ असं सगळे म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. गोसेरेलिनचा १०.८ मिलिग्रॅमचा डोस १२ आठवड्यांनी द्यायचा असतो, म्हणजे ८४व्या दिवशी. कॅलेंडरचे तीन महिने मोजले की ८९ ते ९२ दिवस होतात. दर खेपेला आठवडाभर उशीर झाला तर वर्षाकाठी जवळजवळ महिनाभर त्या माणसाच्या अंगात औषध उतरणीला लागलेलं असतं. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दाबून ठेवायचं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. औषध संपत आलं की ते पुन्हा वर सरकू लागतं आणि त्यावर पोसणारा रोगही जागा होऊ शकतो. म्हणून मी कालनिर्णयवर महिना मोजत नाही, आठवडे मोजते. आज बुधवार असेल तर बारा आठवड्यांनीही बुधवारच. वार लक्षात राहतो, तारीख राहत नाही.

सगळ्यात जास्त ओढाताण गणपतीत आणि शिमग्यात होते. अर्धा मनवेलपाडा तेव्हा कोकणात असतो. ‘सिस्टर, आल्यावर घेऊ की’, हे वाक्य मी फोनवर मान्य करत नाही. जायच्या आधी डॉक्टरांना विचारून दोन-चार दिवस अलीकडे घेता येतं. नाहीतर कागद आणि खोकं बरोबर देऊन गावाजवळच्या डॉक्टरांकडे ठरवून ठेवता येतं. सणासाठी गावी जावं, अवश्य जावं. अशा आजारात माणसाला गावाची जास्तच गरज असते. फक्त तारीख बरोबर न्यावी.

सकाळी ८

कारगिल नगरच्या बाजूला एका घरी पहिलं इंजेक्शन. काका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतर गिरणगावातली कितीतरी घरं मोडून नालासोपारा-विरारला आली, त्यांतलंच हे एक. ज्या परळला ते पाळीवर जायचे, त्याच परळला आता टाटा रुग्णालयात फाइल घेऊन जातात. कंबर दुखते म्हणून वर्षभर मलमं चोळली. मग बोन स्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्यात ठिपके दिसले, रक्ततपासणीत पीएसए हा प्रोस्टेटचा आकडा शेकड्यांत निघाला आणि बायोप्सीने नाव सांगितलं.

आत शिरायच्या आधी मुलाने मला जिन्यातच थांबवलं. “बाबांना कॅन्सर सांगितलेला नाही. गाठीचं इंजेक्शन म्हणा.”

हे मला दर थोड्या दिवसांनी ऐकावं लागतं आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. ज्याला माहीत नाही त्याच्या अंगात मी ही सुई घालणार नाही. साधं सलाइन असतं तर गोष्ट वेगळी. हे औषध त्या माणसाचं पुरुषपणाचं हार्मोन बंद करणार आहे. त्याची इच्छा जाईल, अंगाला घाम सुटेल, दंडातली ताकद उतरेल, चिडचिड होईल. कारण ठाऊक नसलं तर तो स्वतःलाच दोष देत बसेल. मुलाच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण शरीर बाबांचं आहे, निर्णयही त्यांचाच. मी मुलाला म्हटलं, तुम्ही सांगा, मी शेजारी बसते. बराच वेळ गेला. शेवटी तो बोलला. काका भिंतीकडे बघत म्हणाले, “टाटाला नेलंत तेव्हाच कळलं मला. परळला कोणाला कशासाठी नेतात ते मला माहीत नाही काय?”

घरात दोघंही एकमेकांपासून तेच लपवत होते.

मग मी त्यांना औषध कसं चालतं ते सांगितलं, गिरणीच्या भाषेत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. तो ठरावीक वेळाने पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पाळीच्या भोंग्यासारखा. भोंगा झाला की पिट्युटरी वृषणांना कामाला लावते आणि टेस्टोस्टेरॉन तयार होतं. हे इंजेक्शन म्हणजे न थांबता वाजणारा भोंगा. सुरुवातीला सगळे धावत येतात आणि उत्पादन वाढतं. पण तो वाजतच राहिला की त्याला कोणी जुमानत नाही, दोन-चार आठवड्यांत खातं बंद पडतं. काका पहिल्यांदा हसले. “म्हणजे टाळेबंदी.”

पहिल्या दिवसांतली ती धावपळच धोक्याची असते. टेस्टोस्टेरॉन उसळलं की हाडांतला रोगही उसळू शकतो, दुखणं वाढतं, मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देऊ शकते. म्हणून डॉक्टर आधीपासून बायकॅल्युटामाइडची गोळी सुरू करतात. काकांच्या पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजल्या, रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही ना ते विचारलं, मगच हातमोजे घातले. गोसेरेलिनची सुई जाड असते, कारण आतून तांदळाच्या दाण्याएवढी कांडी जायची असते. बेंबीच्या खाली, मधल्या रेषेपासून बाजूला, कातडी चिमटीत धरून तिरकी. आधी बर्फ फिरवला तर कमी दुखतं. मिनिटभराचं काम. पुढची पंधरा मिनिटं मी तिथेच बसते. सुईच्या जागी रक्त साकळत नाही ना, चक्कर येत नाही ना, ते बघते. बॅच नंबरची चिठ्ठी फाइलला चिकटवली आणि पुढचा वार काकांनाच त्यांच्या हाताने लिहायला लावला.

सकाळी १०:३०

दवाखान्यात ओपीडी. वरचेवर चालणारी कामं असतात, रक्तदाब, साखर, वजन, पीएसएचे कागद लावणं. हार्मोन उपचारात साखर आणि चरबी वाढते, हृदयावर ताण येतो, म्हणून हे कागद पीएसएइतकेच महत्त्वाचे. लोक मात्र एकाच आकड्याला धरून बसतात. पीएसए खाली आला की पेढे, थोडा वर गेला की झोप उडते.

अबिरॅटेरॉन चालू असलेल्यांना मी एक गोष्ट हमखास विचारते, गोळी कशी घेता? वृषणं बंद झाली तरी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी थोडं हार्मोन बनवत राहतात, हे औषध तिथला रस्ता अडवतं. बरोबर प्रेडनिसोलोन असतंच. १००० मिलिग्रॅमचा डोस उपाशीपोटी घ्यायचा असतो, कारण जेवणाबरोबर औषध रक्तात कितीतरी पट जास्त शिरतं. याच गुणाचा उपयोग करून काही डॉक्टर मुद्दाम २५० मिलिग्रॅम जेवणाबरोबर देतात, खर्च पाव होतो. दोन्ही पद्धती चालतात, पण शेजारच्याचं बघून आपली बदलायची नाही. कागदावर जे लिहिलंय तेच.

दुपारी १२

एक गृहस्थ सगळी माणसं जाईपर्यंत बाकावर बसून राहतात. मग दाराशी येऊन विचारतात, “सिस्टर, हे परत येतं का?”

‘हे’ म्हणजे काय ते मला कळतं आणि मी त्यांना ते शब्दांत मांडायला लावत नाही. मीच बोलते. इच्छा जाणं, ताठरता जाणं, हा औषधाचा परिणाम आहे, तुमचा कमीपणा नाही. काही जणांना डॉक्टर मधे औषध थांबवून बघतात, तेव्हा थोडंफार परत येऊ शकतं. रोग पसरलेला असेल तर बहुधा थांबवत नाहीत. खोटी आशा मी देत नाही. एवढं मात्र सांगते की बायकोजवळ बसणं, हात हातात घेणं, एका ताटात जेवणं यातलं काहीही या सुईने जात नाही. आणि ‘ताकदीच्या’ गोळ्या, भस्मं, पावडरी घेऊ नका. त्यांत काय घातलंय ते बाटलीवर खरं लिहिलेलं असेलच असं नाही. आपण जे हार्मोन महिनोन्‌महिने बंद ठेवतोय, तेच त्यातून पोटात जायचं.

हेच गृहस्थ मागे शस्त्रक्रियेविषयी विचारत होते. १९४१ मध्ये शिकागोत चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिलं की वृषणं काढली किंवा स्त्री-हार्मोन दिलं तर पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोग मागे हटतो. त्याच वर्षी, २८ फेब्रुवारीला, परळचं टाटा रुग्णालय सुरू झालं. हगिन्सना १९६६ चं नोबेल मिळालं. पुढे अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेने डुकरांच्या मेंदूतून मिळवलेल्या त्या ‘निरोपा’ची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्यांनाही १९७७ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. तिथून आजची इंजेक्शनं आली आणि १९८५ मध्ये अमेरिकेत ल्युप्रोलाइडला मान्यता मिळाली. पण हगिन्सची शस्त्रक्रिया जुनी झाली म्हणून टाकाऊ ठरलेली नाही. वृषणं काढण्याचं छोटं ऑपरेशन एकदाच होतं, काही तासांतच टेस्टोस्टेरॉन कोसळतं, सुरुवातीची उसळी नाही, चुकणारी तारीख नाही आणि दर तीन महिन्यांनी हजारो रुपये नाहीत. ज्याच्या मणक्यावर दाब आलाय त्याला तर ते वरदानच. त्याला गरिबाचा उपचार म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. परिणाम दोन्हींचा सारखाच आहे. फरक एवढाच की ऑपरेशन परत फिरवता येत नाही आणि मनाला ते फार लागतं. निवडायचं त्या माणसाने, बायकोशी बोलून, सगळं समजून घेऊन. पैशाचा प्रश्न असेल तर आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा. आपल्या उपचाराचं पॅकेज त्यात बसतं का ते तोच बघून सांगेल.

दुपारी ३

डेगारेलिक्स. याचे रुग्ण कमी, बहुतेकांना आधी हृदयविकार होऊन गेलेला. हे औषध भोंगा वाजवत नाही, थेट अडवतं, त्यामुळे सुरुवातीची उसळी येत नाही. पहिल्या दिवशी १२० मिलिग्रॅमच्या दोन सुया, मग दर महिन्याला ८०. कुपी हलवायची नाही, हळू गोल फिरवायची, नाहीतर फेस होतो. विरघळेपर्यंत धीर लागतो. जागा लाल होते, सुजते, एक-दोन दिवस ताप वाटतो. घरी जाताना पँटचा पट्टा सैल बांधा म्हणून सांगते.

दुपारी ४:१५

फोन. चंदनसारकडची मुलगी. “ताई, बाबांचे पाय कालपासून जड झालेत. आज संडासला जाताना दोनदा पडले. आणि सकाळपासून लघवी नाही. उद्या टाटाला न्यायचंच आहे, तेव्हा दाखवलं तर चालेल?”

नाही चालणार. मी हातातलं काम टाकून उभी राहिले. मणक्यात पसरलेल्या रोगात अचानक पाय लुळे पडणं, कमरेखाली बधिरपणा येणं, लघवी-संडासचं भान जाणं याचा अर्थ मज्जारज्जू दाबला जातोय असाच धरायचा. या आजारात तासांचा हिशेब असतो. डॉक्टर स्टेरॉइड देतात, तातडीने एमआरआय होतो, मग रेडिएशन किंवा ऑपरेशन. चालत असताना पोचलेला माणूस बहुधा चालत राहतो. पाय पूर्ण गेल्यावर पोचलेल्याचे परत येणं फार कठीण. मी तिला १०८ ला फोन करायला सांगितलं आणि बाबांना बसवू नका, सरळ निजवून, फळीसारखं धरून उचला म्हटलं. डॉक्टरांनी पुढच्या रुग्णालयाला फोन करून ठेवला, म्हणजे दारात पुन्हा सगळी कहाणी सांगत बसायला नको. फाइल, शेवटच्या इंजेक्शनची तारीख, चालू गोळ्या, एवढं तिने बरोबर घेतलं. महामार्गावर संध्याकाळची कोंडी सुरू व्हायच्या आत गाडी निघाली.

ही लक्षणं मी प्रत्येक घरी पहिल्याच दिवशी सांगते. तरी लोक ‘उद्या’ म्हणतात, कारण म्हाताऱ्या माणसाचे पाय जड होतातच असं सगळ्यांना वाटतं.

संध्याकाळी ६

तलावाच्या बाजूने घरभेटीला जाताना माझे दोन-तीन रुग्ण फेऱ्या मारताना दिसतात. त्यांना बघून मला मनापासून बरं वाटतं. टेस्टोस्टेरॉन गेलं की हाडं ठिसूळ होतात आणि स्नायू झिजतात, त्यावर चालणं आणि खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करणं याइतकं स्वस्त औषध नाही. जेवणात नाचणी, तीळ, ताक, आणि खाणाऱ्यांनी काट्यासकट खायची बारीक मासळी. डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. हाडांसाठीचं झोलेड्रोनिक आम्ल सुरू करायचं असेल तर त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन यायचं, नंतर दात काढायची वेळ आली तर जबड्याचं हाड बरं न होण्याचा धोका असतो. मोरीत रबराची चटई टाकायची. खुबा मोडला तर कर्करोगापेक्षा तोच लवकर माणसाला अंथरुणाला खिळवतो.

संध्याकाळी ७:३०

फुलपाड्याच्या वाटेवर मालवणी घर. आजोबांना इंजेक्शन चालू होऊन वर्ष झालं. आज त्यांना ल्युप्रोलाइड. पावडर आणि द्राव एकत्र केले की दुधासारखं होतं, ते बसायच्या आत कुल्ल्याच्या स्नायूत द्यायचं.

आजी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. “सिस्टर, हे रात्रीचे घामान भिजतत. माका वाटला ताप इलो. हात लावून बघितलंय तर अंग थंड.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “माझी पाळी गेली तेव्हा माकाव असाच झाल्ला. तसलाच ना ह्या?”

अगदी तसलंच. पुस्तकं वाचून मी जे सांगायला आले होते ते या बाईने आपल्या अंगावरून ओळखलं. मी त्यांना म्हटलं, हे तुम्हीच त्यांना सांगा, माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील. आजी बाहेर गेल्या आणि नवऱ्याशेजारी बसून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, त्या वर्षांविषयी बोलल्या. छाती कशी भडकायची, मग अंग कसं गार पडायचं, उगीच रडू कसं यायचं. आजोबा ऐकत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “तेव्हा तू काय बोलाक नाय ता?”

माझ्या बाजूने मी एवढंच जोडलं, रात्री चहा नको, तिखट कमी, सुती बनियन, उशाशी टॉवेल आणि पाणी. फार झालं तर डॉक्टरांकडे गोळ्या आहेत, सहन करत बसू नका. आणि उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही आजाराचा भाग समजून सांगा.

रात्री ९

वापरलेल्या सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात गेल्या. वही पूर्ण केली. चंदनसारच्या मुलीचा फोन आला, एमआरआय झाला, रात्रीच रेडिएशनच्या डॉक्टरांनी बघितलं, पाय अजून हलतायत.

जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात प्रोस्टेट कर्करोगाचे सुमारे ३८ हजार नवे रुग्ण निघाले. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये सांगितलं की जगात २०२० साली वर्षाला १४ लाख असलेली संख्या २०४० पर्यंत २९ लाखांवर जाईल. आयुर्मान वाढलं की हा आजार वाढतोच, म्हणजे मनवेलपाड्यातही तो वाढणार.

हे वाचणाऱ्याच्या घरात कोणाला हे इंजेक्शन चालू असेल, तर त्यांना ते कशासाठी आहे हे माहीत आहे का, ते आजच विचारा. नसेल तर सांगा, किंवा डॉक्टरांना सांगायला लावा. पुढच्या इंजेक्शनचा वार आपल्या डोसाचे आठवडे मोजून त्यांच्याच हाताने भिंतीवर लिहून घ्या. पाय अचानक जड झाले किंवा लघवी अडली तर उद्यावर टाकू नका, त्याच घटकेला १०८ लावा. आणि साठीच्या पुढच्या कोणाची कंबर महिनोन्‌महिने दुखत असेल, रात्री लघवीला पुन्हा पुन्हा उठावं लागत असेल, तर मलम बाजूला ठेवा आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.